तापलेल्या यंत्राचा सूर

टँजरीन ड्रीम या जर्मन त्रयीच्या ‘फेड्रा’ या ध्वनिमुद्रिकेत एक जागा अशी येते की तालमीत वाढलेल्या माणसाच्या कपाळाला तिथे आठी पडलीच पाहिजे. बराच वेळ एका लयीत चालत आलेला खर्जातला स्वरसमूह आपल्या जागेवरून सरकायला लागतो. कोणी मींड घेतलेली नाही, कोणी स्वर आंदोलित केलेला नाही. स्वर आपणहून ढळतात, आणि तेही सगळे मिळून नव्हे. एक आधी, दुसरा मागाहून, तिसरा काही क्षण आपल्या मूळ जागी हट्टाने उभा. आपल्याकडे मैफलीत असे झाले असते तर तंबोऱ्याकडे एक कटाक्ष गेला असता आणि गायक थांबला असता. इथे कोणी थांबत नाही. उलट त्या ढळण्याभोवती बाकीचे आवाज गोळा होतात आणि रचना भलत्याच प्रदेशात शिरते.

कारण अगदी साधे होते. यंत्र तापले होते. त्या काळच्या सिंथेसायझरचे स्वर उष्णतेने बदलत. टेप चालू होती, स्वर सरकले, आणि तिघांनी ते तसेच ठेवले. ‘फेड्रा’ला पन्नास वर्षे उलटून गेली, तिच्यानंतर अंतराळाचा भास देणाऱ्या संगीताच्या शेकडो ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यातल्या कितीतरी हिच्यापेक्षा सफाईदार आहेत. तरी कोणी नव्याने या संगीताकडे वळू पाहत असेल तर मी हिचेच नाव घेतो. सफाईदार ध्वनिमुद्रिकांत अवकाश आयता मिळतो. इथे तो तयार होताना ऐकू येतो.

ही मुद्रिका नोव्हेंबर 1973 मध्ये इंग्लंडात, ऑक्सफर्डशायरमधल्या ‘द मॅनर’ नावाच्या जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली आणि 20 फेब्रुवारी 1974 रोजी व्हर्जिन या तेव्हा नव्याच असलेल्या कंपनीने बाजारात आणली. त्याच कंपनीची पहिली मुद्रिका, माइक ओल्डफिल्डची ‘ट्युब्युलर बेल्स’, तिच्याआधी याच वाड्यात घडली होती. ‘फेड्रा’त गायक नाही, ड्रम नाहीत, गुणगुणता येईल अशी चाल शोधूनही सापडत नाही. पहिली बाजू पूर्ण एकाच, ‘फेड्रा’ याच नावाच्या रचनेने व्यापलेली. एवढे असून ही मुद्रिका ब्रिटनच्या खपाच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत चढली. बीबीसीवरच्या जॉन पील या निवेदकाने या मंडळींची आधीची ‘आटेम’ उचलून धरली होती, त्याचाही हातभार होताच. खुद्द जर्मनीत मात्र तिची फारशी दखल घेतली गेली नाही.

तिघे म्हणजे एडगर फ्रोझे, क्रिस्टोफ फ्रांके आणि पीटर बाउमान. फ्रोझे यांतला ज्येष्ठ आणि अखेरपर्यंत टिकलेला. 1944 साली पूर्व प्रशियातल्या टिल्झिटमध्ये जन्मला, शिकला चित्रकला-शिल्पकला, आणि 1967 साली पश्चिम बर्लिनमध्ये त्याने हा चमू उभा केला. भिंतीने वेढलेले ते शहर. तिथल्या रहिवाशांना सक्तीची लष्करी सेवा नव्हती, म्हणून पश्चिम जर्मनीतले कितीतरी तरुण तिकडे पळ काढत. अमेरिकन-ब्रिटिश रॉकची नक्कल करायची नाही आणि घरच्या वडीलधाऱ्यांची गोडगोड गाणीही नकोत, अशा पेचात सापडलेली ही पिढी. गिटार घेऊन सुरुवात केलेल्या फ्रोझेने हळूहळू गिटार बाजूला ठेवली. 1972 ची ‘त्साइट’ ही दुहेरी मुद्रिका तर जवळपास संपूर्ण लयहीन आहे. मला ती आदरणीय वाटते, पण पुन्हा लावावीशी वाटत नाही. तिच्यात अवकाश आहे, चालणारे कोणी नाही.

‘फेड्रा’त चालणारे आले ते सीक्वेन्सरच्या रूपाने. फ्रांकेच्या मूग सिंथेसायझरला जोडलेले हे उपकरण. बटणांच्या ओळी, एका ओळीत आठ. प्रत्येक बटण फिरवून विजेचा एक दाब ठरवायचा, तो दाब आंदोलकाकडे जातो आणि त्याचा स्वर होतो. दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो. आतले घड्याळ एकेका बटणाला क्रमाने हात लावत जाते आणि आठवे संपले की पुन्हा पहिले. ठेक्याचे आवर्तन आणि स्वरांचे आवर्तन इथे एकच. वाजवणाऱ्याच्या हाती उरते ते एवढेच: चालू आवर्तनात एखादे बटण किंचित फिरवणे, घड्याळाची गती ओढणे वा सोडणे, आणि फिल्टर उघडून-मिटून त्याच स्वराचा पोत उजळवणे किंवा मळवणे. ऐकायला फार थोडे वाटते. पण विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला थोड्यात किती मावते हे सांगायला नको.

आता सुरुवातीपासून ऐकू. रचना शून्यातून वर येते. आधी भिरभिरणारे, झिरपणारे ध्वनी, त्यांना नावे देता येत नाहीत. काही चकाकतात, काही वाकतात. आपण बसलो आहोत ती खोली नेमकी केवढी, याचा अंदाज कान घेऊ लागतो आणि त्याला भिंत लागत नाही. मग खालून तो ठेका सुरू होतो. उभ्या एसटीच्या इंजिनाची थरथर बाकावर बसल्या बसल्या मणक्यात जाणवते, तसा हा खर्ज आधी अंगाला कळतो, कानाला मागून. एकदा तो आला की भिरभिरणाऱ्या ध्वनींना खाली-वर मिळते, जवळ-लांब मिळते. इथे माझ्या मते या रचनेतली पहिली खरी करामत आहे. लय आली की संगीत सहसा आवळते. इथे ते मोकळे होते, कारण लय पायाखाली आहे आणि वर काहीही घट्ट बांधलेले नाही.

त्यापुढची मिनिटे कान देऊन ऐकण्याची. आवर्तन तेच राहते असे वाटते आणि राहत नाही. एखादा स्वर बदलतो आणि चालीचा रोख बदलतो. गती वाढते, पण इतकी बेताने की वाढल्यानंतरच लक्षात येते. फिल्टर उघडतो तसतसा खर्जाला धार चढते, मिटतो तसा तो कापसात गुंडाळल्यासारखा होतो. सम कुठे आहे हे तुम्ही मनाशी धरून ठेवता आणि ती निसटते. आपल्याकडे तबलजी आणि गायक समेवर भेटतात तेव्हा जो आनंद होतो तो इथे नाहीच, आणि तो शोधत बसलो तर ही रचना रुक्ष वाटेल. इथला आनंद धरलेले निसटण्याचा आहे. तो ज्याला नको वाटतो त्याला हे संगीत कधीच आवडणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकले असेही नाही.

आणि मग ते ढळणे. आंदोलकातली नाजूक इलेक्ट्रॉनिक जुळणी गरम होते, दिलेला दाब तोच असूनही स्वर बदलतो, आणि सगळे आंदोलक सारखे तापत नसल्याने त्यांचे आपसातले नातेही बिघडते. मुळात ही स्टुडिओतली एक उत्स्फूर्त बैठक. टेपवर आली ती ठेवली गेली आणि तिच्यावर नंतर बाकीचे थर चढवले गेले. म्हणजे सरकलेल्या सुरावर पुढचे सूर लावणारा माणूस त्या सरकण्याला दाद देतच वाजवत होता. पुढे ठेका कोसळतो, विरतो, आणि जे उरते ते गडद, रुंद, जवळजवळ स्तब्ध असते. मेलोट्रॉन या वाद्याचे ताणलेले स्वर येतात. शेवटाकडे लांबून मुलांच्या खेळण्याचा गलका यावा असे काहीसे ऐकू येते. इतका वेळ माणसाचा मागमूस नसलेल्या प्रदेशात तो आवाज दिलासा देत नाही, दचकवतो.

आपल्याकडे यंत्राच्या सुराबद्दल एक जुना वाद आहे. 1940 साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, आणि ते पुढे कित्येक वर्षे बंदच राहिले. पेटीवरचा आक्षेप असा की तिचे स्वर जागचे हलत नाहीत. पट्टी दाबली की ठरलेला स्वर, त्यात मींड नाही, श्रुतीची सूक्ष्मता नाही. मूगची तक्रार नेमकी उलटी होती. त्याचे स्वर जागेवर राहायलाच तयार नव्हते. पेटीत जे नाही म्हणून ती परकी ठरली, ते या कितीतरी अधिक परक्या यंत्रात भरभरून होते, फक्त कोणाच्या ताब्यात नव्हते. ‘यंत्राला भावना नसते’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि ते खरेही असेल. पण अस्थिरता यंत्राला असते, आणि ऐकणाऱ्याला भावना जागवायला तेवढी पुरते.

या तिघांसाठी मात्र ती अस्थिरता रोजचा तापही होती. फ्रोझेने पुढे सांगितलेली हकिकत मोठी मजेची आहे. यंत्रात स्वर साठवून ठेवण्याची सोय नव्हती, त्यामुळे रोज नुसते सुरात आणण्यात काही तास जात. सकाळी अकराला सुरुवात, रात्री दोनला उठणे. अकराव्या दिवशी टेपवर जेमतेम सहा मिनिटांचे संगीत होते. टेपयंत्र बंद पडले, मिक्सिंगचे टेबल पुन्हा पुन्हा रुसले, आणि खर्ज इतका खाली होता की स्पीकर फाटले. शेवटी दोन दिवस सगळे सोडून ते गावाकडच्या मोकळ्या हवेत फिरले, तेव्हा कुठे काम मार्गी लागले. अंतराळाचा भास देणारे संगीत म्हणून जे जगभर गेले त्याच्या मुळाशी तापलेले ट्रान्झिस्टर, फाटलेले स्पीकर आणि झोप न झालेली तीन माणसे आहेत, हे ध्यानात ठेवून ऐकले की त्याचा रंगच पालटतो.

मुद्रिकेची दुसरी बाजू उघडते ती माझ्या लेखी सर्वांत सुंदर रचनेने. ‘मिस्टीरियस सेम्ब्लन्स ॲट द स्ट्रँड ऑफ नाइटमेअर्स’ हे तिचे नाव. दुःस्वप्नांच्या किनाऱ्यावरचा कसलासा गूढ आभास. नाव भडक आहे आणि त्या काळाला शोभणारे आहे, ते सोडून द्या. 17 नोव्हेंबरची रात्र. फ्रांके आणि बाउमान दिवसभराच्या कामाने झोपी गेलेले. फ्रोझेने पत्नी मोनिकला स्टुडिओत बोलावले, ध्वनिमुद्रकालाही बोलावून घेतले आणि मेलोट्रॉन वाजवायला बसला. मोनिक शेजारी उभी राहून स्वराला लाटेसारखे हेलकावे देणाऱ्या फेझिंगच्या उपकरणाची बटणे फिरवत होती. एका दमात झाले, आणि झाले तसेच मुद्रिकेवर गेले.

मेलोट्रॉन हे वाद्य समजून घेतले तर या दहा मिनिटांची किंमत कळते. बर्मिंगहॅममध्ये तयार होणाऱ्या या पेटीत प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा एकच स्वर आधी मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते, स्वर वाजतो. सुमारे आठ सेकंदांत फीत संपते. मग पट्टी सोडायलाच हवी. स्प्रिंग फितीला मागे खेचते आणि पुन्हा दाबता येते. म्हणजे या वाद्यावर कितीही मोठा श्वास घेतला तरी तो आठ सेकंदांचाच. फ्रोझेला मात्र न संपणारे स्वर हवेत. म्हणून एका बोटाचा स्वर संपण्याआधी दुसरे बोट पुढे सरकते, एक स्वर मावळताना दुसरा उगवतो, आणि सांधे फेझिंगच्या लाटेत बुडतात. नीट ऐकलेत तर काही ठिकाणी सांधा कळतो. फितीची किंचित थरथर कळते. ज्या वादकांनी ते स्वर कधीतरी एका खोलीत बसून वाजवले त्यांना आपण कशात वाजतो आहोत याचा पत्ताही नव्हता.

यात ठेका नाही. वाऱ्यासारखे, लाटेसारखे आवाज येतात-जातात आणि त्यांच्या मधून तंतुवाद्यांचे स्वरसंघ चढतात, वळतात, एका उजळ जागी क्षणभर टेकतात, मग सावलीत जातात. पाश्चात्त्य हार्मनीची ही भाषा आहे, रागाची नव्हे. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण अशा संगीताला आलापाच्या शेजारी नेऊन बसवण्याचा मोह आपल्याला फार लवकर होतो. संथ आहे, शब्द नाहीत, खाली स्वर भरून राहिलेला आहे; झाले, हाही आलापच! पण आलापात एक माणूस एका स्वराकडून दुसऱ्या स्वराकडे जाण्याची वाट शोधत असतो आणि आपण त्याच्या निर्णयामागे जातो. फ्रोझेच्या या रचनेत वाट शोधणारा कोणी नाही. हवामान बदलते. निर्णय त्याच्या बोटांत आहेत, पण ऐकणाऱ्याला ते निर्णय म्हणून जाणवत नाहीत, आणि त्यासाठीच त्याने एवढा खटाटोप केला आहे. दोन्हींत स्तब्धता असली तरी आलापातली स्तब्धता लक्ष एकवटते, इथली पसरवते.

‘मूव्हमेंट्स ऑफ अ व्हिजनरी’बद्दल थोडक्यात. कुजबुजीसारख्या आवाजांची सुरुवात छान आहे, मग सीक्वेन्सर बुडबुड्यांसारखा उसळत राहतो. पहिल्या बाजूने जे मिळवले त्याची ही हलकी पुनरुक्ती. वाईट नाही, पण कान दोन मिनिटांत ओळखून घेतो आणि रचना आठ मिनिटे चालते. शेवटची ‘सीक्वेंट सी’ ही बाउमानची दोन-सव्वादोन मिनिटांची रचना मात्र सोडू नका. बासरी आणि तिचेच प्रतिध्वनी, दुसरे काही नाही. मुद्रिकेतल्या एवढ्या मोठ्या प्रदेशानंतर एका माणसाची फुंकर ऐकू येते. बासरीच्या आपल्या कल्पनेशी तिचे काही जमत नाही. तिच्यात गोडवा थोडा आहे आणि थकवा पुष्कळ.

नावाचे काय? फेड्रा ही ग्रीक पुराणातली थीसियसची राणी, सावत्र मुलगा हिपॉलिटसवर तिचा जीव जडतो आणि त्यातून दोघांचाही नाश होतो. अशोकाची राणी तिष्यरक्षिता आणि कुणाल यांची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे फार दूरचे वाटणार नाही. पण या संगीतात ती कथा शोधू नये. मुखपृष्ठावरचे चित्र फ्रोझेचेच, तेही काही सांगत नाही.

मग अंतराळ तरी यात कुठून आले? ग्रह-ताऱ्यांची नावे टँजरीन ड्रीमने आधी वापरली होती. 1971 ची ‘आल्फा सेंटॉरी’ आहेच. ‘फेड्रा’त तसे काही नाही आणि तरी अंतराळाचा भास तिच्यातच अधिक होतो. याची कारणे कानाच्या पातळीवर आहेत. आपण आवाज ओळखतो तो बराचसा त्याच्या सुरुवातीवरून: तारेवर नखी पडली, पडद्यावर थाप पडली, की वाद्य कळले. इथे बहुतेक ध्वनींना सुरुवातच नाही, ते उगवतात. त्यामुळे आवाज कशाचा हे कळत नाही. त्याला प्रतिध्वनी असा दिलेला की अंतर कळत नाही. आणि ऐकू येणाऱ्या स्वरपट्ट्यात मधला भाग, जिथे माणसाचे बोलणे-गाणे राहते, तो बराच वेळ मोकळा सोडलेला. तिथे आपण असायला हवे होतो, आणि नाही. यालाच लोक अंतराळ म्हणतात. डिसेंबर 1974 मध्ये या तिघांनी फ्रान्समधल्या रँसच्या गॉथिक कॅथीड्रलमध्ये मैफल केली. तिथल्या दगडी कमानदार छताखाली आवाज विरायला किती वेळ लागत असेल याची कल्पना केली तर त्यांनी ती जागा का निवडली असावी हे समजते.

पुढे या वाटेची वर्दळ वाढली. ब्रायन ईनोने 1978 मध्ये विमानतळासाठी संगीत केले, 1983 मध्ये चांद्रमोहिमांवरच्या चित्रपटासाठी ‘अपोलो’ केली; अमेरिकेत स्टीव्ह रोचची ‘स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स’ 1984 ची. टँजरीन ड्रीम स्वतः हॉलिवूडकडे वळले, ‘सॉर्सरर’ आणि ‘थीफ’ला त्यांचे संगीत आहे. आजच्या तरुण मंडळींनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेच्या शीर्षक संगीतात जो धडधडणारा सीक्वेन्सर ऐकला त्याचे गोत्र थेट इथले, आणि ‘बँडरस्नॅच’ या चित्रपटात नायकासमोर दोन ध्वनिमुद्रिकांतून एक निवडण्याचा प्रसंग येतो, त्यांतली एक ‘फेड्रा’च आहे. आपल्याकडेही या यंत्राची पावले फार लवकर उमटली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर 1969 मध्येच आला होता, ‘फेड्रा’च्या ध्वनिमुद्रणाच्या चार वर्षे आधी. गीता साराभाईंसारख्या संगीतज्ञांनी त्यावर प्रयोग केले. त्या टेपा 2023 मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्या वेगळ्या लेखाचा विषय आहेत.

आज या संगीताचा बराच मोठा व्यवहार झोप लागण्यासाठी, अभ्यासात मन लागण्यासाठी, ध्यानासाठी म्हणून चालतो. त्याला माझी हरकत नाही, झोप कोणाला नको असते? पण त्या कामासाठी केलेल्या रचनांत काही ढळत नाही, काही तापत नाही. स्वर जिथे ठेवला तिथे तासभर राहतो. ‘फेड्रा’ लावून झोपायला गेलात तर मधल्या मिनिटांत ती तुम्हाला जागे करील.

ऐकणार असाल तर दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करा. आधी ‘मिस्टीरियस सेम्ब्लन्स’, दिवे मालवायची गरज नाही, पण हेडफोन हवेत; फोनच्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही. मग ‘फेड्रा’ सलग, मध्ये न थांबता. ती सतरा मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे एखाद्या मध्यम ख्यालाहून मोठी नाही. पहिल्यांदा कंटाळा आला तर आठवडाभराने पुन्हा लावा, आणि या वेळी वरच्या कशाकडेही लक्ष न देता फक्त तो खालचा ठेका धरून चला. तरीही काही लागले नाही, तर हे संगीत तुमचे नाही असे खुशाल समजा.